जॉइनरच्या भरवशावर करंट सोडू नका

तर मंडळी, आज मॉडेल रेल्वेच्या फक्त फीडर वायरींबद्दल, म्हणजे रुळांना करंट पोचवणाऱ्या वायरींबद्दल बोलू, कारण लेआउट (टेबलावर मांडलेली रुळांची रचना) बंद पडण्याची निम्मी कारणं मला तरी इथेच सापडलीयत.

माझ्या पहिल्या लेआउटवर इंजिन लांबच्या कोपऱ्यात गेलं की हमखास मंदावायचं. मी मोटर उघडली, चाकं पुसली, रूळ घासले, काही फरक नाही. मीटर लावला तर तिथेही पूर्ण 12 व्होल्ट! मग डोक्यात आलं की गाडी उभी असताना मोजून उपयोग काय, करंट वाहतच नाहीये तर व्होल्टेज पडणार कुठून. गाडी चालू ठेवून मोजलं आणि आकडा थेट 9 वर.

होतं काय, की आपले रूळ बहुतेक निकेल सिल्व्हरचे असतात, ज्यात चांदी अजिबात नसते, तांबं निकेल आणि जस्त असतं, आणि त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या कितीतरी पट जास्त. पण खरी गोची जॉइनरची. ती पत्र्याची छोटी पट्टी दोन रूळ एका रेषेत धरायला आहे, तिच्यातून करंट जातो तो निव्वळ दाबावर. काही महिन्यांत ती सैल होते, आत ऑक्साइड धरतो, बॅलास्टचा (रुळांखालच्या बारीक खडीचा) गोंद शिरतो. असे दहा जॉइनर एकापुढे एक आले की संपलं. म्हणून माझं ठाम मत आहे, रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा फीडर द्या, तुकडा कितीही छोटा असो.

टेबलाखालून जाड बस वायर (मुख्य वायरींची जोडी) फिरवा, 14 गेज बऱ्याच लेआउटना पुरते, आणि तिच्यावरून 20 किंवा 22 गेजचे फीडर वर घ्या. फीडर बारीक चालतो कारण तो आखूड असतो, वीतभर ठेवा, उगाच लांबवू नका.

आता सोल्डरिंग. रुळाची बाहेरची बाजू कानशीने चकाकेपर्यंत घासा, आतल्या बाजूला सोल्डर आलं तर चाकाची कड त्यावर चढते. वायरचं टोक आधी टिन करा, म्हणजे त्यावर सोल्डरचा पातळ थर चढवा, एल सारखं वाकवा, रुळाच्या पोटाला टेकवा आणि गरम सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंद धरून लगेच उचला. दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवला की प्लास्टिकचे स्लीपर वाचतात. लोक घाबरून कमी वॅटचं आयर्न घेतात आणि तिथेच फसतात, ते बराच वेळ टेकवावं लागतं, तोवर उष्णता पसरून स्लीपर वितळलेले असतात. फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो) रोझिनचाच, अॅसिडवाला नंतर सांधा खातो.

डीसीसी (गाड्या डिजिटल सिग्नलने चालवायची पद्धत) वापरत असाल तर हे अजून महत्त्वाचं. लेआउटभर जागोजागी दोन रुळांवर नाणं आडवं ठेवून बघा, बूस्टर (रुळांना करंट पुरवणारा डबा) ताबडतोब कट झाला पाहिजे. नाही झाला तर मधल्या रेझिस्टन्समुळे त्याला शॉर्ट कळतच नाहीये, आणि गाडी घसरली की 5 अँपिअरपर्यंत करंट चाकांतून वाहत राहील, प्लास्टिक वितळेल, इंजिनातला सिग्नल वाचणारा डिकोडर जाईल.

रंग दोनच ठेवा, आतल्या रुळाला काळा, बाहेरच्या रुळाला लाल. "जवळचा-लांबचा" असं ठरवू नका, कारण लूप वळून आला की जवळचा रूळ लांबचा होतो आणि टेबलाखाली उताणं पडून तुम्ही चुकीची वायर जोडता. आणि प्रत्येक फीडर जोडला की सप्लाय बंद ठेवूनच दोन बस वायरींमध्ये मीटरची बीप तपासा. बीप आली तर शॉर्ट आहे, आणि चूक आत्ता जोडलेल्या वायरीत आहे हे लगेच कळतं, चाळीस जोडून झाल्यावर तपासलंत तर एकेक सोडवत बसावं लागतं.