१३३ मेगाहर्ट्झ अडकले कुठे?

पडद्यावर दिसणारा हा मदरबोर्ड १९९४ च्या सुमाराचा आहे. त्याच्या सॉकेट ३ प्रकारच्या खाचेत मुळात इंटेलचा ४८६ डीएक्स-२ हा ६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता, आणि आता त्या जागी एएमडीचा एएम५एक्स८६ बसवलेला आहे. १९९५ मध्ये बाजारात आलेला हा प्रोसेसर १३३ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याच्या पाठीवरची ‘पी ७५’ ही खूण म्हणजे ७५ मेगाहर्ट्झच्या पेंटियमच्या तोडीचे काम करण्याचा एएमडीचा दावा होता. ४८६ च्या मदरबोर्डावर बसू शकणाऱ्या सर्वांत वेगवान प्रोसेसरांत त्याची गणना होते, आणि म्हणूनच जुने संगणक सांभाळणाऱ्यांमध्ये त्याला आजही मागणी आहे. तरीही या बदलानंतर हा संगणक पूर्वीपेक्षा संथ झाला आहे. डॉसमधले खेळ अडखळतात आणि विंडोज ९५ सुरू व्हायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो.

अशा वेळी प्रोसेसर सदोष आहे असे समजून तो परत पाठवण्याची घाई होते. परंतु प्रोसेसर संथ होऊन बिघडत नाही. तो बिघडला तर बहुधा संगणक सुरूच होत नाही किंवा मध्येच थांबतो. संथपणाचे कारण प्रोसेसरच्या बाहेर, त्याच्यापर्यंत माहिती पोहोचवणाऱ्या वाटेवर शोधावे लागते.

शोध सुरू करण्यापूर्वी एक तपासणी अनिवार्य आहे. जुना डीएक्स-२ पाच व्होल्टवर चालत असे, तर एएम५एक्स८६ ला ३.४५ व्होल्ट लागतात. मदरबोर्डावरचा व्होल्टेजचा जंपर (दोन पिना जोडून नोंद ठरवणारी छोटी टोपी) तसाच राहिला असेल तर नवा प्रोसेसर तापून कायमचा निकामी होऊ शकतो. या मदरबोर्डावर तो जंपर योग्य जागी आहे, म्हणून पुढे जाता येते.

आता घड्याळाचा हिशेब पाहू. दोन्ही प्रोसेसरांना मदरबोर्डाकडून मिळणारा ठोका एकच आहे, ३३ मेगाहर्ट्झचा. जुना प्रोसेसर त्याची आतल्या आत दुप्पट करत असे, नवा चौपट करतो. म्हणजे १३३ हा आकडा केवळ प्रोसेसरच्या पोटातला आहे. बाहेरचे जग होते तिथेच आहे. मेमरीच्या चिपवर ७० नॅनोसेकंद असे लिहिलेले असेल, तर तेवढ्या अवधीत ६६ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे जेमतेम पाच ठोके वाया जात. १३३ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे नऊहून अधिक जातात. प्रोसेसर जितका वेगवान, तितके त्याचे थांबणे महाग. हे थांबणे टाळण्यासाठी कॅश नावाची छोटी, अतिवेगवान मेमरी असते: १६ किलोबाइट प्रोसेसरच्या आत आणि या मदरबोर्डावर आणखी २५६ किलोबाइट बाहेर. प्रोसेसर बदलल्यावर संगणक संथ झाला, तर सर्वांत आधी संशय घ्यावा तो याच दोन कॅशवर.

तत्पूर्वी गुणक, म्हणजे बाहेरचा ठोका आत किती पट करायचा तो आकडा, पाहून घेऊ, कारण ते काम थोडक्यात होते. या मदरबोर्डाची छापील पुस्तिका एएम५एक्स८६ बाजारात येण्याआधीची आहे. तिच्यात गुणकासाठी दुप्पट आणि तिप्पट अशा दोनच जागा दाखवल्या आहेत. पुस्तिका वाचून कोणीही नव्या प्रोसेसरसाठी तिप्पटच निवडेल, आणि तसे केल्यास हा प्रोसेसर निमूटपणे १०० मेगाहर्ट्झवर चालत राहतो. चौपट मिळवायची असेल तर जंपर दुपटीच्या जागी लावावा लागतो. ज्या पिनला खालची, म्हणजे कमी व्होल्टेजची, पातळी मिळाल्यावर आधीचे डीएक्स-४ प्रोसेसर दुप्पट करत, तीच पातळी मिळाल्यावर हा प्रोसेसर चौपट करतो. संगणक सुरू होताना बायोस, म्हणजे मदरबोर्डावरच साठवलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम, पडद्यावर प्रोसेसरचे जे नाव आणि जो वेग दाखवते, त्यावर मात्र इथे विसंबून राहू नये. ती यादी लिहिली गेली तेव्हा हा प्रोसेसर अस्तित्वात नव्हता.

जंपर बदलल्यावर वेग मोजणारा प्रोग्रॅम १३३ दाखवतो, पण खेळ अजून अडखळतातच. पुढचा थांबा बायोसचा सेटअप. प्रोसेसर बदलताना या मदरबोर्डावरची गळकी निकेल-कॅडमियम बॅटरीही काढून टाकली होती, आणि ते योग्यच होते, कारण तिच्यातून झिरपणारे रसायन तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. परंतु बॅटरी निघताच जतन केलेल्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या आणि बायोसने आपल्या मूळ, सावध नोंदी भरल्या. अनेक जुन्या बायोसांच्या या सावध नोंदींमध्ये कॅश बंद असते आणि मेमरीसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त ठेवलेली असते. इथे आतली कॅश चालू आहे, बाहेरची बंद आहे. ती चालू केली की फरक लगेच जाणवतो.

जाणवणे पुरेसे नाही. ते मोजायला हवे. डॉसवर चालणारा ‘कॅशचेक’ हा छोटा प्रोग्रॅम या कामासाठी फार उपयोगी आहे. तो आधी एक किलोबाइटचा तुकडा पुन्हा पुन्हा वाचतो, मग दोनचा, मग चारचा, आणि असे करत अनेक मेगाबाइटपर्यंत जातो. प्रत्येक आकाराला लागलेला वेळ ओळीने दिसतो. निरोगी संगणकावर या आकड्यांना तीन पायऱ्या असतात: १६ किलोबाइटपर्यंत सर्वांत कमी वेळ, तिथून २५६ किलोबाइटपर्यंत मधला, आणि त्यापुढे मुख्य मेमरीचा सर्वांत जास्त वेळ. आकडे १६ किलोबाइटनंतर थेट शेवटच्या पायरीवर गेले, तर बाहेरची कॅश काम करत नाही, मग बायोस काहीही म्हणो. हे मुद्दाम सांगणे आवश्यक आहे, कारण त्या काळात काही ४८६ मदरबोर्डांवर कॅशच्या जागी चक्क प्लास्टिकचे पोकळ तुकडे बसवून विकले गेले होते, आणि २५६ किलोबाइट असल्याचे पडद्यावर दिसावे म्हणून त्यांच्या बायोसमध्येही फेरफार केलेला होता. ग्राहकाची ती उघड फसवणूक होती. आपल्या मदरबोर्डावर सॉकेटमध्ये बसवलेल्या नऊ खऱ्या चिप आहेत, आठ माहितीसाठी आणि नववी टॅगसाठी, म्हणजे कॅशमधली माहिती मेमरीच्या कोणत्या भागातली आहे ही नोंद ठेवण्यासाठी, आणि आकड्यांमध्ये तिन्ही पायऱ्या स्वच्छ दिसतात.

डॉस आता अपेक्षेप्रमाणे धावते. विंडोज ९५ मात्र अजूनही रेंगाळते, आणि हा भेदच पुढचा धागा देतो. प्रोसेसरबरोबर मेमरीही १६ मेगाबाइटवरून ६४ मेगाबाइट केली गेली होती. नवव्या चिपमधल्या टॅगला आठ बिट मिळतात. बाहेरची कॅश राइट-बॅक पद्धतीने, म्हणजे बदललेली माहिती आधी फक्त कॅशमध्ये ठेवून मेमरीत नंतर लिहिण्याच्या पद्धतीने, चालवली, की त्यांतला एक बिट ‘इथली माहिती बदलली आहे’ ही खूण ठेवण्यात खर्च होतो आणि पत्त्यासाठी सात उरतात. सात बिटांनी २५६ किलोबाइटचे १२८ भाग ओळखता येतात, म्हणजेच कॅशचे संरक्षण फक्त पहिल्या ३२ मेगाबाइटला मिळते. डॉसचे प्रोग्रॅम मेमरीच्या तळाशी राहतात, त्यामुळे त्यांना याची झळ लागत नाही. विंडोज ९५ मेमरी वरच्या टोकापासून वापरायला घेते आणि नेमके कॅश नसलेल्या भागात जाऊन बसते. मेमरी वाढवल्याने संगणक मंदावतो, हे ऐकायला विचित्र वाटते, पण त्याचा हिशेब इतका सरळ आहे. बाहेरची कॅश राइट-थ्रू केली, म्हणजे प्रत्येक बदल लगेच मेमरीतही लिहिला जाऊ दिला, तर आठही बिट पत्त्याला मिळून पूर्ण ६४ मेगाबाइट कॅशखाली येतात. नाहीतर चारपैकी दोन मेमरी मॉड्यूल काढून ठेवावीत. विंडोज ९५ साठी ३२ मेगाबाइट भरपूर असल्याने मॉड्यूल काढणेच अधिक चांगले.

राहता राहिली प्रोसेसरच्या आतली कॅश. तीही राइट-बॅक चालवता येते. ती कोणत्या स्थितीत आहे हे प्रोसेसर स्वतः सांगतो: चौपट गुणकावर असताना ओळख विचारल्यास राइट-थ्रूमध्ये त्याचा मॉडेल क्रमांक १४ येतो, तर राइट-बॅकमध्ये १५. जंपर लावून १५ आणणे सोपे आहे. धोका त्यानंतर आहे. या पद्धतीत बदललेली माहिती काही काळ फक्त कॅशमध्येच असते. फ्लॉपीचा कंट्रोलर प्रोसेसरला वळसा घालून डीएमएद्वारे थेट मेमरीतून माहिती उचलतो, आणि मदरबोर्डाला प्रोसेसरकडे ताज्या माहितीची चौकशी करता येत नसेल, तर फ्लॉपीवर शिळी माहिती लिहिली जाते. आयडीई हार्ड डिस्कचे व्यवहार त्या काळी बहुधा प्रोसेसरच्याच हातून होत, म्हणून हा दोष तिथे दिसत नाही आणि बरेच दिवस लपून राहतो. यासाठी एक मोठी फाइल फ्लॉपीवर उतरवावी, फ्लॉपी बाहेर काढून पुन्हा घालावी आणि ‘एफसी’ या आज्ञेला ‘/बी’ जोडून मूळ फाइलशी बाइट-बाइट पडताळावी. इथे पडद्यावर फरकांची लांबलचक यादी उमटते. वेगात मिळणारी थोडी भर इथे सोडून द्यावी आणि जंपर राइट-थ्रूवर परत न्यावा. माहिती बिघडवणारा वेग कोणाच्याच कामाचा नाही. जंपर परत लावल्यावर तीच पडताळणी एकही फरक न दाखवता पूर्ण होते.

आता खेळ सुरळीत चालतात आणि विंडोजही वेळेत उघडते. मोठ्या आकाराची चित्रे पडद्यावर सरकवताना जो अडथळा उरला आहे, तो प्रोसेसरच्या आवाक्याबाहेरचा आहे. यातले ग्राफिक्स कार्ड आयएसए स्लॉटमध्ये बसलेले आहे, आणि ती वाट सोळा बिटांची व सुमारे आठ मेगाहर्ट्झची आहे. याच मदरबोर्डावर व्हेसा लोकल बसचे दोन स्लॉट रिकामे आहेत. ३३ मेगाहर्ट्झवर बत्तीस बिट वाहून नेणाऱ्या त्या स्लॉटमधले एखादे कार्ड मिळाले, तर पुढची सुधारणा तिथे करता येईल.