शॉने स्टेलाला लिहिलेलं एक पत्र

नमस्कार श्रोतेहो. आज जॉर्ज बर्नार्ड शॉच्या खासगी पत्रांबद्दल बोलायचंय. आधीच सांगून टाकते, पत्रं भरमसाठ आहेत, वेळ थोडा आहे आणि त्यातलं एक पत्र मला इतकं आवडतं की बाकीच्यांवर अन्याय होणार. होऊ दे.

शॉ कोण हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. 'ती फुलराणी' पाहिलं नसेल तरी भक्ती बर्वेंचं ते स्वगत कॉलेजच्या गॅदरिंगला कुणीतरी केलेलं तुम्ही ऐकलंच असेल. पुलंनी १९७५ साली ते नाटक आणलं ते शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून. शॉचा जन्म १८५६ चा, डब्लिनचा, आणि गेला १९५० साली, म्हणजे चौऱ्याण्णव वर्षं जगला आणि जवळजवळ रोज पत्रं लिहीत राहिला. पत्रं नि पोस्टकार्डं मिळून अडीच लाखांच्या आसपास असावीत असा अंदाज सांगतात. डॅन लॉरेन्स नावाच्या अभ्यासकाने त्यातली निवडक छापली, तर तेवढ्याचेच चार जाडजूड खंड झाले! सही मागणारे, तुम्ही शाकाहारी का म्हणून विचारणारे, यांच्यासाठी त्याने चक्क उत्तरांची कार्डं छापून घेतली होती. (मला हे फार पटतं. तेच तेच प्रश्न विचारणाऱ्यांसाठी असा गठ्ठा प्रत्येकाच्या खिशात हवा.)

तर स्टेला. म्हणजे मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल, त्या काळची लंडनची बडी नटी. २६ जून १९१२ ला शॉने तिला 'पिग्मॅलियन' वाचून दाखवलं, कारण फुलवालीची भूमिका तिनेच करावी असं त्याच्या डोक्यात होतं, आणि वाचून घरी गेला तो प्रेमात पडूनच. वय छप्पन्नच्या उंबरठ्यावर, घरी बायको शार्लट. स्टेला सत्तेचाळीसची, मुलं मोठी झालेली. मग पत्रांवर पत्रं. ती त्याला 'जोई' म्हणायची, म्हणजे तिकडे विदूषकाला म्हणतात तसं, आणि तो खूश!

खरं सांगू का, ती प्रेमपत्रं मला फारशी आवडत नाहीत. हुशार आहेत, चमकदार आहेत, पण माणूस आरशात बघत बघत लिहितोय असं वाटत राहतं, दर चार ओळींनी टाळी घ्यायची सवय त्याला तिथेही सुटत नाही. पण त्याच गठ्ठ्यात एक पत्र आहे, २२ फेब्रुवारी १९१३ चं, आणि ते प्रेमपत्र नाहीच. ते त्याच्या आईच्या अंत्यसंस्काराबद्दल आहे.

आता ही आई जरा समजून घ्या. नवऱ्याला आणि मुलाला डब्लिनमध्ये सोडून ती आपल्या गाण्याच्या मास्तरांमागोमाग लंडनला गेली होती. शॉ विशीत तिच्याकडे आला आणि पुढे कित्येक वर्षं तिच्या गाण्याच्या शिकवण्यांवर जगला. हा बसून कादंबऱ्या लिहितोय, एकही प्रकाशक घेत नाहीये आणि आई कमावतेय. नंतर त्यानेच लिहून ठेवलंय की जगण्याच्या झटापटीत मी स्वतः उतरलो नाही, मी आईला ढकललं. मायेचं, गळ्यात पडण्याचं नातं नव्हतं ते. नव्हतं ते, हे लक्षात ठेवा.

ती फेब्रुवारी १९१३ मध्ये गेली, ऐंशी ओलांडून. आणि शॉने तिला पुरलं नाही, दहन केलं. आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही, पण इंग्लंडात तेव्हा ही नवीच गोष्ट होती, गोल्डर्स ग्रीनचं दहनगृहच मुळी १९०२ साली सुरू झालेलं. बरोबर कोण, तर फक्त मित्र, नट-दिग्दर्शक ग्रॅनव्हिल बार्कर. काळे कपडे घातलेले नातेवाईक नाहीत, रडारड नाही. तो स्टेलाला लिहितो की अंत्यसंस्कारात माणसाची विनोदबुद्धी अशी धारदार का होते गं, मन असं ताजंतवानं का होतं? हा सोहळा तर अगदी यशस्वी झाला! म्हणजे पहिल्या प्रयोगाबद्दल बोलावं तसं बोलतोय.

पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली, त्यातले 'मातीला माती' वगैरे शब्द दहनाला शोभतील असे थोडे बदलून घेतले होते. एक दार उघडलं, पेटी आत सरकली, दार बंद. बाकीचे लोक इथूनच घरी जातात. शॉ मागे गेला. नाटकवाला ना, विंगेत काय चालतं ते बघितल्याशिवाय कसं चैन पडणार. तर तिथे ती जांभळी पेटी भट्टीच्या खऱ्या दारासमोर ठेवलेली. दार वर गेलं, आत सिमेंट आणि भट्टीच्या विटांची छोटीशी खोली, स्वच्छ, शांत, ना धग, ना आवाज, ना ज्वाळा, सहज हात घालावा अशी. पेटी आत सरकली, पायाकडून. आणि लिहितो की पायाकडच्या बाजूने एकदम लालसर गार्नेटच्या रंगाच्या सुंदर ज्वाळांच्या फिती फुटल्या, धूर नाही, आणि बघता बघता सगळी पेटी पेटली, आणि माझी आई तो सुंदर अग्नी झाली.

हे वाक्य मी परत सांगते. माझी आई तो सुंदर अग्नी झाली. ज्या आईने त्याला कधी जवळ घेतलं नाही तिच्याबद्दल हे वाक्य आहे.

दार खाली आलं. तिथल्या माणसांनी सांगितलं, शेवटपर्यंत बघायचं असेल तर दीड तासाने या. मग हे दोघं काय करतात? जवळच हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब म्हणून नवी वसाहत होती, ती बघायला जातात, आणि हा कंसात लिहितो की तिथे माझे शेअर्स आहेत! शिवाय थिएटरला फोन केले, पुस्तकं घेतली, मजा केली. आता हे वाचून कुणी नाक मुरडेल, पण मंडळी, आपल्या स्मशानात मागच्या रांगेत कधी उभे राहिलायत का? नवीन स्कीममध्ये टू बीएचके कितीला पडतो याची जेवढी खात्रीशीर माहिती तिथे मिळते तेवढी एजंटकडेही मिळत नाही. फरक इतकाच की शॉने ते लिहून ठेवलं.

परत आले. वरून खाली बघायला एक झरोका होता. खाली जणू प्रशस्त स्वयंपाकघर, सिमेंटचं मोठं टेबल, आणि दोन आचारी कामात गढलेले. 'आचारी' हे त्याचेच शब्द बरं का. त्यांच्या हातात छोटे चिमटे, आणि आईच्या राखेच्या नाजूक ढिगातून ते पेटीचे खिळे नि कड्यांचे तुकडे वेचून बाजूला काढतायत. ज्यांनी राख सावडलीय त्यांच्या डोळ्यासमोर हे आत्ता आलंच असेल. आणि तो लिहितो, हे चाललं असताना आई माझ्या शेजारीच वाकून बघत उभी होती, हसून हसून तिचं अंग गदगदत होतं. मग त्यांनी तिला चाळणीत भरलं, चाळलं, एकीकडे राखेचा ढीग, एकीकडे हाडांच्या तुकड्यांचा. आणि आई माझ्या कानात म्हणाली, "यातला मी कुठला गं बाई?"

गं बाई माझं, बाकी सगळं त्याचं.

हाडांची पूड केली, राख फुलांच्या वाफ्यावर पसरली, संपलं. आणि हे सगळं लिहिलं कुणाला? बायकोला नाही, मित्राला नाही, स्टेलाला, कारण पत्राच्या सुरुवातीलाच तो म्हणतो की स्वतःच्या आईचा तिटकारा न करणारं असं मला दुसरं कुणी माहीतच नाही. माझं म्हणाल तर शॉच्या सगळ्या पत्रांमधलं खरं प्रेमपत्र हेच, नुसता पत्ता वेगळ्या बाईचा. (नाहीतर आपल्या शोकसभा. वक्ता उठतो आणि गेलेल्या माणसापेक्षा स्वतःबद्दल वीस मिनिटं बोलतो.) पुढे १९५० मध्ये शॉचं दहनही त्याच गोल्डर्स ग्रीनला झालं आणि त्याची राख शार्लटच्या राखेत मिसळून घराच्या बागेत टाकली.

आता बाकीचं भराभर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्टेला सँडविच नावाच्या समुद्रकाठच्या गावी विश्रांतीला गेली, हा मागोमाग. तिने चिठ्ठी लिहिली की कृपा करून जा, मी फार दमलेय. हा गेला नाही, तर तीच न सांगता निघून गेली. मग त्याने खोटारडी, फसवी, काळीज नसलेली अशा शिव्यांची लाखोली असलेलं जे पत्र लिहिलं त्यात पहिल्यांदाच त्याची टाळ्या घ्यायची सवय सुटलेली दिसते. तरी ११ एप्रिल १९१४ ला 'पिग्मॅलियन' लंडनला लागलं आणि एकोणपन्नासाव्या वर्षी स्टेलाने त्यातली पोरसवदा फुलवाली गाजवली, तीही पाचच दिवस आधी दुसऱ्याच माणसाशी लग्न करून! माईकशिवाय, हेही सांगते, कारण हल्ली नाटकाला जावं तर पहिल्या रांगेत बसूनही नटाचा आवाज कोपऱ्यातल्या स्पीकरमधूनच येतो. असो.

पहिल्या महायुद्धात तिचा मुलगा अॅलन मारला गेला. तेव्हा शॉने लिहिलं की मला सांत्वन जमत नाही, मला संताप येतो, शिव्या द्याव्याशा वाटतात. हेही पत्र जमलं तर वाचा, छोटंसं आहे.

पुढे तिला पैशांची चणचण लागली आणि ही पत्रं छापावीत असं तिला वाटायला लागलं. आता कायदा असा की कागद ज्याला पत्र आलं त्याचा, पण मजकूर लिहिणाऱ्याचा. म्हणजे कागद तिच्या ट्रंकेत आणि परवानगी त्याच्या हातात. १९२२ मध्ये तिच्या आत्मचरित्रात काही पत्रं आली, पण शॉने कात्री चालवूनच. सगळी छापायला मात्र शार्लटपायी नाही म्हणाला. आपल्याकडच्या पत्रसंग्रहांत जिथे तीन टिंबं येतात ना, तिथेच नेमकं काहीतरी वाचण्यासारखं असतं, आणि घरच्यांना विचारावं तर म्हणतात जागा नव्हती.

स्टेला १९४० मध्ये फ्रान्समध्ये पो गावी वारली. इंग्लंडला परतायचं तर तिच्या लाडक्या मूनबीमला, म्हणजे पेकिनीज कुत्र्याला, नियमाप्रमाणे सहा महिने क्वारंटाईनमध्ये ठेवायला लागलं असतं, आणि ते तिला मंजूर नव्हतं. पत्रं पुस्तकरूपात आली १९५२ साली, दोघंही गेल्यावर. त्यावरून जेरोम किल्टीने 'डिअर लायर' हे दोन पात्रांचं नाटक रचलं, आपल्याकडे नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक शाह यांनी ते केलं, काहींनी पाहिलंही असेल.

एलन टेरीची पत्रं राहिली. ती दुसरी नटी, शॉ तिला वर्षानुवर्षं लिहीत राहिला आणि प्रत्यक्ष भेटणं बरीच वर्षं दोघांनीही टाळलं. तिच्यासाठी वेगळा अर्धा तास मागून घेईन म्हणते. नमस्कार.