पिठ्या ढेकणाच्या मागावर: किन्शासा ते सेलम

(स्वयंपाकघरातली पहाट. परातीतला भिजलेला साबुदाणा हाताने मोकळा केला जात आहे.)

आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत साबुदाणा भिजत पडतो. पाणी दाण्यांच्या जेमतेम वर राहील इतकेच ठेवायचे, नाहीतर सकाळी खिचडीचा गोळा होतो, हे कुठे लिहून ठेवलेले नसले तरी घरातल्या कुणाला ना कुणाला पक्के ठाऊक असते. या खिचडीत पडणारे साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हे चारही जिन्नस मूळच्या अमेरिका खंडातल्या पिकांचे आहेत. तूप, जिरे आणि मीठ एवढे सोडले, तर उपवासाच्या या ताटलीत पोर्तुगीज जहाजे येण्याआधी आपल्याकडे होते असे फारसे काही उरत नाही. तरीही ती उपवासाला चालते, आणि त्याबद्दल आपली काही तक्रार नाही.

साबुदाणा ज्या पिकापासून होतो त्याला कसावा किंवा टॅपिओका म्हणतात. केरळात त्याला कप्पा म्हणतात आणि तिथे तो मासळीबरोबर जेवणात असतो. तमिळनाडूतल्या सेलम परिसरात मात्र या पिकाचे कंद गाड्या भरभरून कारखान्यांकडे जातात. तिथे ते सोलले, धुतले आणि किसले जातात. किसातून निघणारे दुधासारखे पाणी टाक्यांमध्ये निवळत ठेवले की तळाशी सत्त्वाचा पांढरा थर बसतो. तो खरवडून, हलवून हलवून त्याचे गोल दाणे केले जातात, तापलेल्या पत्र्यावर हलके परतले जातात आणि अंगणांत उन्हाला पसरले जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आग्नेय आशियातून येणारा साबुदाणा बंद झाला आणि त्यातून सेलमचा हा उद्योग उभा राहिला. आज देशातल्या साबुदाण्याचा मोठा वाटा याच भागातून येतो, आणि त्याचे एक मोठे गिऱ्हाईक महाराष्ट्र आहे.

२०२० साली केरळातल्या त्रिशूरजवळ कसाव्याच्या शेंड्यांवर एक नवा पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारा, अंगावर पांढरट पूड असलेला बारीक कीटक, आढळला. पाठोपाठ तो तमिळनाडूच्या शेतांतही दिसू लागला. भारतात त्याची ही पहिलीच नोंद होती, पण कीटकशास्त्राला तो अजिबात नवा नव्हता. त्याचा शोध कसा लागला आणि त्याला आवर कसा बसला, हे पाहण्यासाठी जवळपास अर्धे शतक मागे आणि आफ्रिकेत जावे लागते.

(कसाव्याचे शेत. शेंडे आखूड, पाने चुरगळलेली, खाली पानांचा सडा.)

१९७३ च्या सुमारास झाईरची (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची) राजधानी किन्शासा आणि नदीपलीकडचे ब्राझाव्हिल या दोन शहरांच्या आसपास कसाव्याची झाडे विचित्र दिसू लागली. शेंड्याची वाढ खुंटली, पेरे आखूड झाली आणि वरची पाने गुच्छासारखी एकत्र येऊन आक्रसली. पान उलटून पाहिले की पांढरट मेणाची पूड ल्यालेले, गुलाबीसर अंगाचे बारीक कीटक एकमेकांना चिकटून बसलेले दिसत. हे कीटक रस तर शोषतातच, शिवाय त्यांच्या लाळेमुळे कोवळ्या पेशींची वाढ बिघडते. कोरड्या हंगामात त्यांची संख्या भराभर चढते, कारण एरवी पावसाच्या सरी त्यांना बऱ्याच प्रमाणात धुऊन काढतात.

आफ्रिकेतल्या कोट्यवधी माणसांसाठी कसावा ही रोजची भाकरी आहे. हलक्या जमिनीत, अनिश्चित पावसावर तो तग धरतो, आणि कंद काढायची घाई नसते. गरज पडेपर्यंत ते महिनोन्महिने जमिनीतच ठेवता येतात, म्हणून वाईट वर्षातला आधार म्हणूनही लोक त्याच्याकडे पाहतात. काँगो खोऱ्यात त्याची पानेही कांडून भाजी करतात. त्यामुळे कीड आली तेव्हा भाजी आणि भाकरी दोन्हींवर एकदमच संकट आले. कुठेकुठे कंदांचे नुकसान ऐंशी टक्क्यांपर्यंत गेले. भर म्हणजे कसाव्याची लावण बियांपासून नव्हे, खोडाच्या तुकड्यांच्या बेण्यापासून होते, आणि शेजारच्या गावाहून आणलेल्या बेण्याबरोबर कीडही नव्या शेतात पोचत होती.

या कीटकाला १९७७ साली फिनॅकॉकस मॅनिहोटी हे शास्त्रीय नाव मिळाले, तेही आफ्रिकेत गोळा केलेल्या नमुन्यांवरून. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आफ्रिकेत नेलेला, म्हणून कीडही तिकडचीच असणार असा अंदाज बांधणे सोपे होते. अडचण अशी होती, की दक्षिण अमेरिकेत ही कीड कुणी पाहिलीच नव्हती. ज्या मुलुखात एखादा कीटक उपद्रव करत नाही, तिथे त्याची दखल घ्यायला कुणी जात नाही. खरे तर तो तिथे उपद्रव का करत नाही, या प्रश्नातच उत्तर दडलेले होते.

नायजेरियातल्या इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत १९७९ साली हान्स हेरेन नावाचा एक तरुण स्विस कीटकशास्त्रज्ञ रुजू झाला. फवारणीचा मार्ग त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना या प्रश्नावर उपयोगाचा वाटत नव्हता. अंगावर मेणाचे आवरण असलेल्या, शेंड्याच्या घडीत दडलेल्या किडीपर्यंत औषध पोचणे मुळात कठीण, आणि त्यातून अर्धा एकर कसावा लावणाऱ्या कुटुंबाने ते विकत घ्यायचे कशाच्या बळावर? म्हणून किडीचे मूळ घर शोधायचे आणि तिथे तिला आवरणारा जो कुणी असेल त्याला आफ्रिकेत आणायचे, असे ठरले.

पहिला शोध फसला, आणि तो का फसला हे सांगण्यासारखे आहे. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात कसाव्यावर अगदी तसाच दिसणारा पिठ्या ढेकूण सापडला. त्याच्यावर जगणारे परोपजीवी कीटक गोळा झाले, पण आफ्रिकेतल्या किडीवर ते टिकेनात. बारकाईने पाहिल्यावर लक्षात आले, की त्या अमेरिकी कीटकात नर आणि मादी दोन्ही असतात, आणि आफ्रिकेतल्या किडीत मात्र फक्त माद्या असून त्या नराशिवायच प्रजनन करतात. दोघांचे रूप एक असले तरी जाती निराळ्या होत्या. या दुसऱ्या जातीला पुढे हेरेनचेच नाव देण्यात आले. चुकीच्या कीटकामुळे आपले नाव शास्त्राच्या वहीत कायमचे लिहिले जावे, असा मान फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

खरी कीड १९८१ साली पॅराग्वेत सापडली. कोलंबियातल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी केंद्राचे अँथनी बेलोटी यांच्या ती नजरेस पडली. तिथे ती विरळ होती, एखाद्या झाडावर थोडीशी, एवढीच. तिच्याबरोबरच तिच्यावर जगणारी एक बारीक माशीही मिळाली. तिला आज ॲनागायरस लोपेझी म्हणतात. ही गांधीलमाशीच्या कुळातली, पण लांबीला दोन मिलिमीटरही न भरणारी. माणसाला ती चावत नाही, आणि ती डोळ्यासमोरून गेली तरी चिलट समजून आपण हात हलवू. या माश्या आधी इंग्लंडमध्ये विलगीकरणात ठेवून तपासण्यात आल्या आणि मगच इबादानला पाठवण्यात आल्या.

(भिंगाखाली पानाची मागची बाजू. मादी माशी पिठ्या ढेकणाजवळ येते.)

आता पडद्यावर जे दिसते आहे ते नीट पाहावे. माशी आपल्या मिशांनी पिठ्या ढेकणाच्या पाठीवर टकटक करते, पुढे होते, मागे येते, पुन्हा चाचपते. ढेकूण अंगाला झटका देऊन तिला उडवून लावायचा प्रयत्न करतो. मनाजोगता ढेकूण मिळाला की ती वळून पोटाच्या टोकाची सुई त्याच्या अंगात खुपसते आणि आत अंडे सोडते. अंड्यातून निघालेली अळी ढेकणाला आतून खात वाढते. ढेकणाची कातडी कडक, तपकिरी, फुगीर होते. कीटकशास्त्रज्ञ तिला ममी म्हणतात. दोन ते तीन आठवड्यांत नवी माशी त्या ममीला गोल भोक पाडून बाहेर पडते. काही ढेकणांत ती अंडे घालतच नाही, तर सुईने जखम करून बाहेर येणारा रस स्वतःच पिते, आणि तेवढ्यानेही ढेकूण मरतो. किडीने ग्रासलेल्या कसाव्याला एक वेगळा वास येतो आणि माशी त्या वासाच्या दिशेने जाते, म्हणून शेतात कीड अगदी विरळ असली तरी ती तिला हुडकून काढते. दक्षिण अमेरिकेत कीड विरळ का होती, हे इथे समजते.

१९८१ च्या अखेरीस नायजेरियात या माश्या पहिल्यांदा शेतात सोडण्यात आल्या. त्यानंतर त्या इतक्या मोठ्या संख्येने वाढवाव्या लागल्या, की त्यासाठी कसावा वाढवण्याचीच निराळी पद्धत उभारावी लागली. कसाव्याचा पट्टा आफ्रिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेला आणि रस्ते जेमतेम, म्हणून काही ठिकाणी माश्या विमानातून सोडल्या गेल्या. जिथे त्या रुजल्या तिथे किडीची संख्या शेंड्यामागे सरासरी दहाच्या खाली आली. कालांतराने पंचवीसहून अधिक आफ्रिकी देशांत माशी स्थिरावली. १९९५ साली हेरेन यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या कामाने किती जीव वाचले याचे भलेमोठे आकडे सांगितले जातात, आणि न पडलेल्या दुष्काळाची मोजदाद करायची कशी, हा प्रश्न ते ऐकताना मनात येतोच. खर्चाचा हिशेब त्या मानाने नेटका मांडता येतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आर्थिक अभ्यासात या मोहिमेचा लाभ खर्चाच्या किमान दोनशे पट असल्याचे दिसून आले.

मात्र माशी सगळीकडे सारखी चालली नाही. रेताड, नापीक जमिनीत, जिथे पालापाचोळ्याचे आच्छादन नव्हते, तिथे कीड पुन्हा पुन्हा डोके वर काढत राहिली. याचे कारण शोधताना जे हाती लागले, ते या सबंध संशोधनातले आम्हाला सर्वांत विलक्षण वाटते. माशी लहान ढेकणात नराचे अंडे घालते आणि मोठ्या ढेकणात मादीचे, कारण मादीला वाढायला अन्न अधिक लागते. निकस जमिनीतले झाड अशक्त, अशक्त झाडावरचे ढेकूण खुरटे, आणि खुरट्या ढेकणांतून निघणाऱ्या माश्यांत नरच जास्त. अंडी घालणाऱ्या माद्याच कमी पडल्यावर किडीला आवर घालणार कोण? अशा शेतांत आच्छादन घालून जमीन सुधारली, तेव्हा माशीचे कामही सुधारले. मातीपासून माशीच्या पोटापर्यंत ही साखळी अशी सलग आहे.

२००८ साली हीच कीड थायलंडमध्ये उगवली. तिथे कसावा पोटासाठी कमी आणि निर्यातीच्या स्टार्चसाठी जास्त लावतात. जवळपास तीन कोटी टनांचे पीक एका हंगामात सव्वादोन कोटींच्या आत आले. पण या वेळी घर शोधत फिरायची गरज नव्हती. २००९ साली आफ्रिकेतल्या बेनिन देशातल्या कोतोनूहून ५०० माश्या आणल्या गेल्या, त्या वाढवण्यात आल्या आणि पुढच्याच वर्षी देशभर सोडायला सुरुवात झाली.

भारताने वाट अशीच धरली. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने २०२१ मध्ये बेनिनहूनच ही माशी मागवली, आणि विलगीकरणातल्या चाचण्यांनंतर मार्च २०२२ मध्ये सेलम जिल्ह्यातल्या येथापूर येथील टॅपिओका व एरंडी संशोधन केंद्रात ती शेतकऱ्यांसमोर सोडण्यात आली. इथल्या शेतकऱ्यांना हा प्रकार अगदीच अनोळखी नव्हता. २००८ मध्ये कोइमतूरकडे आलेल्या पपईवरच्या पिठ्या ढेकणाने पपई आणि तुतीबरोबर कसाव्यालाही ग्रासले होते, आणि २०१० साली प्वेर्तो रिकोहून आणलेल्या अशाच मित्रकीटकांनी त्याला आटोक्यात ठेवले होते. आपल्याकडच्या ऊसवाल्यांनाही २००२ चा लोकरी मावा आठवत असेल. पश्चिम महाराष्ट्रात उसाची पाने पांढरीफटक झाली तेव्हा डिफा आणि मायक्रोमस ही मावा खाणाऱ्या मित्रकीटकांची नावे, एरवी कीटकशास्त्राच्या पुस्तकाबाहेर न पडणारी, कारखान्यांच्या शेतकी विभागापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाली होती.

(येथापूर परिसरातले शेत. एक शेतकरी कसाव्याचा शेंडा वाकवून पानामागे पाहतो.)

सेलमच्या शेतात माशी आली आहे की नाही हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. आक्रसलेला शेंडा वाकवायचा, पान उलटायचे आणि पांढऱ्या ढेकणांच्या गर्दीत तपकिरी, फुगीर, कडक झालेले दाणे आहेत का ते पाहायचे. त्यांवर टाचणीच्या टोकाएवढे गोल भोक असेल, तर आतली माशी निघून गेलेली असते आणि ती त्याच शेतात, बहुधा पुढच्याच शेंड्यावर असते. त्या शेतात पंप घेऊन जायचे नाही, कारण फवाऱ्याने मेणाखालच्या किडीपेक्षा उघड्यावर फिरणारी माशी आधी मरते. खाली वाकलेला शेतकरी हातातले पान सोडतो आणि पुढच्या सरीत जातो. तिथल्या शेंड्यावर मुंग्यांची रांग आहे, चिकट गोड स्रावावर आलेली. तो ते पान उलटतो, डोळे बारीक करून पाहतो आणि बोटाने एक एक तपकिरी दाणा मोजू लागतो.