पोरं आपल्याला सांगतील का?

मंडळी, फलकावर ‘व्यसनाधीन मुले’ असं लिहिलंय, पण त्यांच्याबद्दल मी आज कमीच बोलणार आहे. आठवी ते बारावीच्या वर्गांत खऱ्या अर्थाने व्यसनात अडकलेली मुलं थोडी असतात. त्यांना उपचार लागतात आणि ते काम सभागृहात होत नाही. बाकीचा वर्ग मोठा आहे. कुणी एकदा करून पाहिलेलं असतं, कुणी मित्रांबरोबर अधूनमधून करतं, कुणी अजून हात लावलेला नसतो पण समोर आलं तर काय करायचं हे त्याचं ठरलेलं नसतं. तुमची मुलं बहुधा या वर्गात आहेत.

सुरुवातीला एक चांगली बातमी, कारण अशा कार्यक्रमांत ती कुणी देत नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ १९७५ पासून दरवर्षी शाळकरी मुलांना नशेबद्दल विचारत आलंय. १९९७ मध्ये बारावीतल्या दर चार मुलांपैकी तिघांनी ‘गेल्या वर्षभरात दारू घेतली’ असं सांगितलं होतं. २०२४ मध्ये हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास आलं. युरोपातल्या अनेक देशांतही शाळकरी मुलांचं पिणं कमी झालंय. ‘आजकालची पोरं बिघडली’ हे वाक्य निदान दारूच्या बाबतीत आकड्यांत बसत नाही.

मात्र त्याच अमेरिकेत १४ ते १८ वयोगटात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने २०१९ मध्ये ४९२ मुलं गेली आणि २०२१ मध्ये ११४६. नशा करणारी मुलं या काळात वाढली नव्हती. बदलली ती वस्तू. वेदनाशामक किंवा झोपेची म्हणून मित्राकडून घेतलेली गोळी बनावट असायची आणि तिच्यात फेंटॅनिल, म्हणजे अफूसारखं काम करणारं अतितीव्र कृत्रिम वेदनाशामक, असायचं. या पदार्थाचे दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे मोजके दाणे, जीव घ्यायला पुरतात. ‘आमच्या वेळीही मुलं चोरून करायची, पुढे सगळी मार्गी लागली’ असा दिलासा म्हणूनच मला पटत नाही. तेव्हा एका चुकीनंतर दुसरी चूक करायला माणूस शिल्लक राहायचा.

आता मुलांच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते बघू. वर्गातली किती मुलं पितात असं विचारलं, तर मुलं जवळजवळ नेहमीच खऱ्यापेक्षा मोठा आकडा सांगतात. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत हे पुन्हापुन्हा दिसलंय. कारण साधं आहे. जो पितो तो दुसऱ्या दिवशी रंगवून सांगतो. जो घरी बसून सिनेमा बघतो त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. आणि आपण मोठी माणसं त्यात भर घालतो. जेवताना मुलासमोर बोलून जातो, ‘हल्ली सगळीच पोरं करतात म्हणे.’ मुलगा मान खाली घालून ऐकत असतो. सगळे करतात आणि आपणच मागे राहिलोय, असा हिशेब त्याने मांडला तर दोष कुणाचा?

एका रात्रीचं सविस्तर सांगतो, कारण जीव जातात ते इथे. पंधरा वर्षांची पाच-सहा मुलं, कुणाचे तरी आईवडील गावाला गेलेत. नऊला बाटली उघडली, साडेनऊपर्यंत एकाने पैजेवर पाच पेग घेतले. साडेनऊला तो हसतोय, नाचतोय. यकृत दारूचा निचरा स्वतःच्या गतीने करतं, ढोबळमानाने तासाला एक पेग, आणि ती गती कशानेही वाढत नाही. कॉफी पाजा, थंड पाणी ओता, खोलीभर चालवा. फार तर जागा राहील, रक्तातली दारू तेवढीच. उलट शेवटचा घोट घेतल्यानंतरही पोटातली दारू रक्तात उतरत राहते. म्हणून साडेनऊला नाचणारा मुलगा साडेदहाला कोसळतो आणि मित्र गोंधळतात, कारण मधल्या तासात त्याने काही घेतलेलंच नसतं. त्यात आणखी एक गोष्ट. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की कोवळ्या वयात दारूने झोप कमी येते, तोल उशिरा जातो, पण स्मरणशक्तीला फटका जास्त बसतो. मोठा माणूस ज्या टप्प्यावर पेंगायला लागतो, तिथे पोरगं अजून ताजंतवानं असतं आणि पुढचा ग्लास भरतं.

आता तो उताणा पडलाय, घोरतोय. मित्र म्हणतात, ‘झोपू दे, सकाळी उतरेल.’ दारूविषबाधेत घशाची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. झोपेत ओकारी आली तर ती श्वासनलिकेत जाते. हाका मारून, चिमटा काढून जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठाच्या खाली गेला असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडत असेल, अंग गार आणि ओठ निळसर दिसत असतील, तर ती झोप नव्हे. त्याला कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, रुग्णवाहिका बोलवायची. यातली सगळी लक्षणं दिसेपर्यंत थांबायचं नाही.

हे त्या मुलांना माहीत नसतं असं नाही. काहींना नक्की माहीत असतं. तरीही ती फोन करत नाहीत. फोन केला तर घरी कळेल, शाळेत कळेल, पोलीस येतील. नाही केला तर बहुतेक सकाळी उठेलच. पंधरा वर्षांच्या मुलाने रात्री अकरा वाजता घाबरून घातलेलं हे गणित आहे आणि त्यातला पहिला आकडा आपण भरलेला असतो. म्हणून मी प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारतो: हा उपाय केल्यावर पोरं आपल्याला जास्त सांगतील की कमी?

भीती घालण्याचा उपाय घ्या. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली एक मोठा उपक्रम सुरू झाला. गणवेशातला पोलीस वर्गात येऊन अमली पदार्थांचे धोके शिकवायचा. पालक खूश, शाळा खूश, अमेरिकाभर तो पसरला. नव्वदच्या दशकात अभ्यासकांनी मोजून पाहिलं, तर तो शिकलेली आणि न शिकलेली मुलं यांच्या नशा करण्यात जवळपास काहीच फरक नव्हता. पुढे त्यांना अभ्यासक्रम बदलावा लागला. मला यात आश्चर्य वाटत नाही. गांजाचा एक झुरका घेतला की आयुष्य संपलं, असं सांगितलं आणि मुलाच्या ओळखीतला एखादा झुरके मारूनही पहिल्या वर्गात पास झाला, की तुमचं बाकीचं खरं बोलणंही त्याच्यासाठी खोटं ठरतं. गांजाबद्दलचं खरं पुरेसं गंभीर आहे. अमेरिकेत जप्त होणाऱ्या गांजात नशा आणणाऱ्या टीएचसीचं प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होतं, २०१४ मध्ये ते १२ टक्क्यांच्या घरात गेलं. मेंदूचा निर्णय घेणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. घरात कुणाला मनोविकाराचा इतिहास असेल, तर किशोरवयात नियमित आणि तीव्र गांजा ओढणं खरोखर धोक्याचं आहे. एवढं सांगा. तिखटमीठ लावायची गरज नाही.

हुंगण्याच्या नशेकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. थिनर, खोडरंग (व्हाइटनर), पेट्रोल, काही प्रकारचे गोंद: सगळं कायदेशीर, स्वस्त आणि घरात असलेलं. म्हणून ही नशा लहान वयात सुरू होते. भारतातल्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळलेला हा एकमेव प्रकार होता. इथे एक गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवाच. घाबरल्यावर किंवा धावल्यावर शरीरात ॲड्रेनॅलीन सुटतं, आणि या वाफांनी हृदय त्याला अतिसंवेदनशील होतं. अशा वेळी मूल दचकलं किंवा जिवाच्या आकांताने पळालं तर हृदयाचे ठोके बिघडून ते जागीच दगावू शकतं, अगदी पहिल्या खेपेलाही. स्वच्छतागृहामागे मूल रुमाल हुंगताना दिसलं तर ओरडायचं नाही, धरायला धावायचं नाही. शांतपणे जवळ जायचं, मोकळ्या हवेत बसवायचं. रागवायला उद्याचा दिवस आहे.

मग येते तपासणी. घरी लघवी तपासायची पट्टी आणावी का, असं पालक मला खासगीत विचारतात. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना शाळेत सरसकट तपासणी करण्याला विरोध करते, आणि घरच्या तपासणीबद्दलही माझं मत तेच आहे. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा अंश आठवडे-आठवडे सापडतो, दारूचा काही तासांत जातो, थिनर नेहमीच्या पट्टीत येतच नाही. पट्टी कोरी आली म्हणजे मुलगा स्वच्छ, हे खरं नाही. शिवाय पट्टी हातात घेतल्यावर त्याच्याशी बोलायचं काय?

शाळेतून काढून टाकण्याबद्दल मात्र नुसतं माझं मत नाही, आकडे आहेत. अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य आणि ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया इथल्या शाळांचा एक तुलनात्मक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नशा केली म्हणून निलंबित करण्याचं धोरण असलेल्या शाळांत, पुढच्या वर्षी मुलं गांजा ओढण्याची शक्यता १.६ पट जास्त निघाली. ही वाढ निलंबित मुलांपुरती नव्हती, त्या शाळेतल्या एकूण मुलांची होती. समुपदेशकाकडे पाठवणाऱ्या शाळांत ती शक्यता निम्म्याच्या आसपास उतरली. मुख्याध्यापकांवर पालकांचा दबाव असतो, मला कल्पना आहे. ‘त्या पोराला काढा’ म्हणणारे पालक याच सभागृहात असतील.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे मुलांना सगळं माफ? अजिबात नाही. काही सुशिक्षित घरांत एक समजूत आहे की मुलाला आपल्यासमोर थोडी पाजलेली बरी, म्हणजे तो बाहेर जाऊन ढोसणार नाही. ऑस्ट्रेलियात १९२७ मुलं आणि त्यांचे पालक यांचा सहा वर्षं पाठपुरावा केला गेला. पालकांनी स्वतः दारू दिल्याचा कुठलाही फायदा दिसला नाही. तोटा दिसला: त्या मुलांना बाहेरूनही दारू मिळण्याची शक्यता वाढली. अमेरिकेतला १९९७ चा एक अभ्यास सांगतो की पंधराच्या आत प्यायला लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पुढे कधी ना कधी दारूच्या आहारी गेले आणि विशीत सुरू केलेल्यांपैकी सुमारे १० टक्के. सगळं लवकर सुरुवातीमुळेच झालं असं यातून सिद्ध होत नाही. ज्या घरात त्रास जास्त, तिथलं मूल लवकर सुरू करतं, हेही आहे. तरी पालकांच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे उशीर, आणि त्यासाठी घरात स्पष्ट ‘नाही’ असावं लागतं. तुम्ही स्वतः पीत असाल तरीही. मुलगा ढोंगी म्हणेल. म्हणू दे.

‘नाही’ आणि ‘काही झालं तर मला फोन कर, आधी आणायला येईन, बोलणं नंतर’ ही दोन वाक्यं एकाच घरात राहू शकतात. दुसरं वाक्य मात्र आधी, शांत वेळी, स्पष्ट शब्दांत सांगितलेलं असावं लागतं. त्याला आपोआप कळेल या भरवशावर राहू नका.

आइसलँडचं उदाहरण मला दर वेळी विचारलं जातं, म्हणून थोडक्यात. तिथे १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी, गेल्या महिन्यात दारूच्या अंमलाखाली गेलेली मुलं १९९८ मध्ये ४२ टक्के होती, २०१६ मध्ये ५ टक्के. त्यांनी दरवर्षी पाहणी करून प्रत्येक शाळेला तिचे स्वतःचे आकडे दिले, खेळ आणि संगीतासाठी पैसा ओतला, रात्री मुलं बाहेर राहण्यावर वेळेची मर्यादा घातली आणि पालकांनी आपापसांत लेखी करार केले. देश चार लाखांच्या आतला आणि त्याच काळात इतर युरोपातही पिणं घटत होतं, हे विसरून त्याची नक्कल करू नये. पण पालकांचा करार कुठेही करता येतो. वर्गातल्या वीस घरांनी एकच वेळ ठरवली, तर ‘सगळ्यांना परवानगी आहे, मलाच नाही’ हा युक्तिवाद संपतो.

(श्रोत्यांतून प्रश्न: मुलगा चिडचिडा झालाय, झोपेचं तंत्र बिघडलंय, मित्र बदललेत. नशा असेल का?)

असेल. नैराश्यही असेल, प्रेमभंग असेल, शाळेत कुणी छळत असेल किंवा नुसतं चौदावं वर्ष असेल. लक्षणांवरून निदान करायला जाऊ नका. ‘तू घेतोस का?’ असं थेट विचारण्यापेक्षा ‘तुझ्या वर्गात कुणी घेतं का, तुला काय वाटतं त्याचं?’ इथून सुरू करा. गाडीत विचारा, नजरेला नजर द्यावी लागत नाही. उत्तर आल्यावर पहिली दोन मिनिटं गप्प बसा. हे आईवडिलांना फार जड जातं.

(प्रश्न: आणि खरंच रात्री फोन आला तर?)

कुठे आहेस, शुद्धीत आहेस का, बरोबर कोण आहे, एवढंच विचारायचं आणि निघायचं. दुसरं मूल बेशुद्ध असेल तर आधी रुग्णवाहिका, मग तुम्ही. ओकारी काढायचा प्रयत्न करायचा नाही. बाटली, गोळ्यांचं पाकीट, डबा, जे असेल ते दवाखान्यात बरोबर न्यायचं. डॉक्टरला काय घेतलं, किती, केव्हा, ते खरं सांगायचं. ‘बाहेरचं काहीतरी खाल्लं’ असं इज्जतीपोटी सांगणारे पालक असतात आणि उपचाराची पहिली वीस मिनिटं चुकीच्या दिशेने जातात. ओपिऑइडचा, म्हणजे फेंटॅनिलसारख्या अफूवर्गातल्या पदार्थाचा संशय असेल तर नॅलोक्सोन नावाचं औषध श्वास परत आणू शकतं, पण डॉक्टरला तो संशय यायला तुम्ही गोळीचा उल्लेख केलेला असावा लागतो. आणि बरोबरच्या ज्या मुलाने फोन केला, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन जाऊ नका. आधी त्याचे आभार माना, त्याच्या आईवडिलांसमोर.