इंग्रजीत बोलायची पाळी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या मराठी शाळांतली कितीतरी मुलं इंग्रजीत चांगले मार्क मिळवतात, पण चार जणांत इंग्रजी बोलायची वेळ आली की गप्प बसतात. शब्द कमी पडतात, व्याकरण कच्चं आहे, असं आपण म्हणतो. मला ते पुरतं पटत नाही. बऱ्याचदा वाक्य मनात असतं, पण ते जुळेपर्यंत दुसरा बोलून मोकळा होतो आणि मुलाची पाळी हुकते.

ती हुकायला वेळही लागत नाही. जगातल्या दहा भाषांमधल्या प्रश्नोत्तरांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्साच जातो, असं त्यात दिसलं. चित्रातल्या वस्तूचं नुसतं नाव सांगायलाही माणसाला याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवत असतो. परक्या भाषेत हे शिकवावंच लागतं, आणि पाठ केलेल्या संवादांतून ते येत नाही. तिथे कुणी कधी बोलायचं हे आधीच ठरलेलं असतं.

शिक्षकांनो, त्यासाठी चिंचोके घ्या. चार-चार मुलांचे गट करा, प्रत्येकाला तीन चिंचोके द्या. विषय साधा ठेवा, रविवारी काय केलं एवढाच. बोललं की एक चिंचोका मधे टाकायचा. बडबड्या मुलाचे तिन्ही बघता बघता संपतात. कोपऱ्यातल्या अबोल मुलीकडे मात्र तिन्ही शिल्लक असतात, आणि गट आपोआप तिच्याकडे बघायला लागतो. मग नियमात थोडी भर घाला: बोलून झाल्यावर 'व्हॉट अबाउट यू?' असं विचारून पाळी दुसऱ्याला दिली, तर एक चिंचोका परत. मुलं चिंचोक्याच्या लोभानं का होईना, प्रश्न विचारू लागतात. हा सगळ्या खेळातला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो, कारण वर्गात प्रश्न विचारायचा मान नेहमी शिक्षकाकडेच असतो.

पाळी धरून ठेवायलाही शिकवा. 'वेल...', 'लेट मी थिंक...' एवढं म्हटलं तरी विचार करायला उसंत मिळते आणि मधे कुणी घुसत नाही. ऐकणाऱ्यानं 'रिअली?', 'आय सी' म्हणायचं. आजीच्या गोष्टीला मुलं 'हं' म्हणतात, तसा हा हुंकार.

आणखी एक करून बघा. मोबाइलवर सोपा इंग्रजी संवाद लावा आणि वाक्य संपायच्या जरा आधी थांबवा. पुढचा शब्द कोणता, हे मुलांनी ओळखायचं. बोलणं कुठे संपत आलंय याचा अंदाज अशानं हळूहळू यायला लागतो.

आता थोडं आपल्याविषयी. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना १९७०च्या दशकात वर्गांच्या निरीक्षणात आढळलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. आपल्या वर्गात इंग्रजी ही अनेकांची तिसरी भाषा असते, घरी कोकणी, भिली किंवा अहिराणी, शाळेत मराठी, मग इंग्रजी. त्या मुलांना तीनाऐवजी पाच सेकंद द्यायला काय हरकत आहे? तेवढा वेळ दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नका, आणि उत्तर स्वतः तर मुळीच सांगू नका.