तो ब्लर म्हणजे जपानी सौंदर्यदृष्टी नव्हे!

नमस्कार मंडळी. घरात पोरंबाळं असतील तर इअरफोन लावा. अठराच्या आतले असाल तर इथूनच टाटा.

"जपानी प्रौढ सिनेमावर बोला" म्हणून तुम्ही महिनाभर मागे लागलात. मूळ माहिती पटापट: १९६०च्या दशकात छोट्या कंपन्यांचे 'पिंक' म्हणजे कामुक सिनेमे आले. १९७१ला निक्कात्सु या जुन्या स्टुडिओने, धंदा बसायला लागल्यावर, 'रोमान पोर्नो' नावाची कामुक सिनेमांची मालिका सुरू केली. ती १९८८पर्यंत चालली. सव्वा तासाच्या आसपास सिनेमा, ठरावीक अंतराने प्रणयदृश्य, बाकी दिग्दर्शकाला रान मोकळं. झालं.

आता माझं दुखणं. या सिनेमांत गुप्तांगं धूसर करून झाकतात, तोच ब्लर. दर वेळी कुणीतरी लिहितंच, "तो ब्लर बघा, झाकण्यातलं सौंदर्य!" अहो, तो कायदा आहे! जपानच्या १९०७च्या दंडसंहितेचं कलम १७५, अश्लील गोष्टी विकण्या-दाखवण्यावर बंदी घालणारं. फिल्म क्लबमध्ये मी असा पहिला सिनेमा पाहिला तेव्हा मागचे काका पुटपुटले, "प्रिंट खराब दिसतेय." तुमच्यापेक्षा काका जवळ पोचले होते.

पटत नाही? एदो काळातली (सतरावं ते एकोणिसावं शतक) शुंगा, म्हणजे जपानी कामचित्रं, काढून बघा. ब्लर ज्यावर येतो, नेमकं तेच तिथे अवाच्या सवा मोठं काढलंय, आणि बाकी अंग किमोनोत गुंडाळलेलं! उतामारो या चित्रकाराचं १७८८चं चित्र घ्या. माडीवर जोडपं, तिची पाठ आपल्याकडे, चेहरा दिसतच नाही. दिसते तिची मान, आणि तिच्याआडून त्याचा एक डोळा. अंबाड्याखालच्या त्या मानेवर आख्खं चित्र तोललंय. काय झाकायचं हे चित्रकाराने ठरवलंय, हवालदाराने नाही.

अजूनही नाही? दिग्दर्शक नागिसा ओशिमाचा १९७६चा सिनेमा, 'इन द रेल्म ऑफ द सेन्सेस'. चित्रीकरण जपानात, पण रिळं धुवायला फ्रान्सला पाठवली, जपानी कायद्याच्या कचाट्यात नको म्हणून. मायदेशी दाखवताना ब्लर आलाच. वर पटकथा आणि फोटोंच्या पुस्तकावर खटला. १९८२ला निर्दोष सुटला. ब्लरच सुंदर असता तर हा माणूस एवढ्या भानगडीत पडला असता का?

सौंदर्य शोधायचंय तर 'मा' शोधा. दोन गोष्टींमधली मोकळी जागा. कागदी दारावरची सावली, कुणीच न बोलता ऐकू येणारा पाऊस. त्याचं जपानी अक्षरही मस्त आहे: दाराच्या दोन फळ्या आणि मधे सूर्य. आणि तुम्ही नेमका तेवढा भाग पुढे ढकलता! कॉमेंटमध्ये एकाने कबूलच केलंय, "दुप्पट वेगाने पाहिला, कंटाळा आला." दादा, मग 'मा' दिसणार कुठून?

मांगाबद्दल, म्हणजे जपानी कॉमिक्सबद्दल, विचारणाऱ्या ताईंना, तो वेगळा व्हिडिओ करते.