वादळाआधी साखळी सोडा

श्रोतेहो, नमस्कार.

रोहिणी नक्षत्र लागलं की आपल्याकडे दुपारनंतर आभाळ पालटतं. सकाळभर अंग भाजणारं ऊन, मग काळेभोर ढग, धुळीचा लोट, आणि पहिला थेंब पडायच्या आत कडकडाट. कास्तकार बियाण्याच्या पिशव्या आणि कुटार झाकायला धावतो. ढोरं कोठ्यात घेतली जातात. या धावपळीत एक जीव मात्र जिथल्या तिथे राहतो, कडुलिंबाला नाहीतर टिनाच्या छपरीच्या लोखंडी खांबाला बांधलेलं कुत्रं. आज मला त्याच्याविषयी बोलायचं आहे.

पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करताना मी बघते, पहिल्या मोठ्या वादळाच्या दुसऱ्या दिवशी अशी कुत्री हमखास येतात. नखं उलटलेली, सुळा तुटलेला, गळ्याभोवती पट्ट्यानं सोललेलं. मालक म्हणतो, "काल इज कडकडली अन् यानं साखळीच तोडली जी." त्याला वाटतं कुत्रं माजलं. मला ती भीती दिसते.

ही भीती ओळखायला शिकणं हे पहिलं काम. कुत्रं थरथर कापतं, शेपूट पोटाखाली घेतं, कान मागे पाडतं, हे सगळ्यांना कळतं. पण ऊन नसताना धापा टाकणं, तोंडातून लाळ गळणं, विनाकारण जांभया देणं, ओठ चाटत राहणं, एका जागी न बसता घरभर फिरणं, हीसुद्धा भीतीचीच लक्षणं आहेत. बाजेखाली शिरलेल्या कुत्र्याकडे कधी वाकून बघा. सारवलेल्या जमिनीत नखं रुतवून बसलेलं असतं, छातीखालची जमीन लाळेनं ओली झालेली असते, आणि डोळे इतके फाकलेले की पांढरं दिसतं. समोर टाकलेल्या भाकरीकडे ढुंकूनही बघत नाही. एरवी अर्ध्या भाकरीसाठी वावरापर्यंत मागे येणारं कुत्रं जेव्हा खाणं नाकारतं, तेव्हा त्याच्या मनात काय चाललं असेल याचा विचार करा.

ढग आपल्या डोक्यावर यायच्या आधीच ते अस्वस्थ का होतं? आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचे. आपल्या कानाला न पोहोचणारे बारीक, दूरचे आवाजही ते टिपतं. शिवाय ते खुणा जोडतं. एक-दोन वादळांचा धसका बसला की सुटलेला गार वारा, दाटलेला अंधार, ओल्या मातीचा वास, एवढ्यानंच त्याचं काळीज धडधडायला लागतं. तुम्ही हे भाषण मीडियम वेव्हवर ऐकत असाल, तर पावसाळ्यात मधूनच होणारी खरखर तुमच्या ओळखीची असेल. लांब कुठेतरी वीज चमकली की रेडिओ ती पकडतो. ही खरखर वाढायला लागली की ढगाची वाट न बघता कुत्रं घरात घ्या.

साखळीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ते जिवावर बेतणारं आहे. घाबरलेल्या जनावराला पळायचं असतं, लपायचं असतं. बांधलेलं कुत्रं झाडाभोवती गरगर फिरतं, साखळी आखडत जाते आणि गळा आवळतो. दुसरा धोका विजेचा. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून उतरून जमिनीत आजूबाजूला पसरते. चार पायांच्या जनावराचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात. प्रवाह एका बाजूनं शिरतो, छातीतून जातो आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतो. झाडाखाली उभे बैल एकाच वेळी दगावतात त्याचं हेच कारण, आणि कुत्रंही त्याला अपवाद नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलवर असेल तर विजेची सूचना आधी मिळते. नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि ३ नं भागा, तेवढे किलोमीटर ती लांब आहे. ३० सेकंद किंवा त्याहून कमी भरले, म्हणजे १० किलोमीटरच्या आत आली, तर माणूस आणि जनावर दोघांनीही आडोशाला जायचं.

आता घरात घेतलं, पुढे काय? त्याची जागा त्याला निवडू द्या. बाजेखाली, धान्याच्या कोठीमागे, न्हाणीत, जिथे ते स्वतःहून जाईल ती जागा चांगली. टिनाचं छप्पर असेल तर पावसाचा, त्यातून गारांचा, आवाज असा होतो की माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. अशा घरात मातीच्या भिंतींची, सर्वांत आतली खोली बरी. बाजेवरून जमिनीपर्यंत गोधडी सोडा, म्हणजे विजेचा लखलखाट डोळ्यांवर येणार नाही. एक बाजू मात्र उघडी ठेवा. शहरातले लोक पंखा, टीव्ही सुरू ठेवायला सांगतात. आपल्याकडे पहिल्या वाऱ्यालाच लाईट जाते, म्हणून सेलवरचा रेडिओ जवळ लावून ठेवा. अखंड, ओळखीचा आवाज चालू असला की गडगडाटाचा दणका थोडा बोथट होतो.

आणि त्याच्याजवळ बसा. इथे घरातलं एखादं वडीलधारं माणूस हटकून म्हणतं, "कायले लाड करतं त्याचे, डोक्यावर बसन." मला ते अजिबात पटत नाही. गोंजारल्यानं खोड लागते, भीती नाही. भीती ही काही कुत्रं मुद्दाम करत असलेली गोष्ट नाही की शाबासकी मिळाली म्हणून ते पुन्हा करेल. ते अंगाशी येत असेल तर येऊ द्या, पाठीवरून सावकाश हात फिरवा, नेहमीच्या आवाजात बोला. नुसतं जवळ बसणंही पुष्कळ होतं. मात्र लपलेल्या कुत्र्याला पट्ट्याला धरून बाहेर ओढू नका. घरचं, गरीब कुत्रंही त्या घडीला चावू शकतं. आणि मारू तर नकाच. वरून गडगडाट आणि खालून काठी, मग त्यानं जायचं कुठे?

कापसाचा मुलूख आपला, त्यामुळे कानात कापूस घालायचं कुणालाही सुचेल. कानात काही खुपसू नका, आत इजा होते. माणसाची झोपेची किंवा तापाची गोळी देऊ नका, दारू पाजू नका. यातल्या कशानंही कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. भीती फार असेल तर तिच्यासाठी खरी औषधं आहेत, ती डॉक्टर कुत्र्याचं वजन आणि वय बघून देतात. त्यासाठी मे महिन्यातच दवाखान्यात या, नाहीतर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर विचारा. म्हाताऱ्या कुत्र्याला आयुष्यात कधी नव्हती ती भीती अचानक सुरू झाली, तर सांध्याचं किंवा दुसरं दुखणं आहे का तेही तपासून घ्यायला हवं.

सवय लावायची असेल तर ती हिवाळ्यात, आभाळ मोकळं असताना. मोबाईलवर गडगडाटाचा आवाज अगदी बारीक लावायचा, मोबाईल लांब ठेवायचा, आणि तेवढ्यात कुत्र्याला उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. कान मागे गेले की आवाज कमी करायचा. रोज थोडा वेळ, कित्येक आठवडे. घाई केली तर उलटा परिणाम होतो. सगळ्याच कुत्र्यांना याचा गुण येत नाही, कारण मोबाईलमध्ये ना वारा असतो ना वीज. पिल्लांचं सोपं असतं. दूर कुठे गडगडलं की लगेच हसून खाऊ टाकायचा, त्यांना तो आवाज खाऊचा वाटायला लागतो.

जागलीला जाणाऱ्यांशी एक बोलायचं आहे. रानडुक्कर आणि रोही हाकलायला आपण फटाके लावतो, आणि कुत्रं पायाशीच असतं. एका आवाजाला भ्यालेलं कुत्रं बहुधा दुसऱ्यालाही भितं. पीक वाचवायलाच हवं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण फटाका लावण्याआधी कुत्र्याला लांब न्या. जे कुत्रं रात्रभर आपल्या वावराची राखण करतं, त्याच्यासाठी एवढं करायला हवं.

एवढं करूनही एखादं पळून गेलंच, तर पाऊस थांबल्यावर आधी जवळपास शोधा. रस्त्याखालची मोरी, पऱ्हाटीचा ढीग, शेजारचा कोठा, बंडीखालची जागा. लांबून हळू आवाजात नाव घ्या, अंगावर धावून जाऊ नका. पट्ट्यावर तुमचा मोबाईल नंबर आधीच लिहिलेला असेल तर दुसऱ्या गावातूनही फोन येतो. परत आल्यावर रागावू नका. पाय, नखं, गळा बघा, पाणी ठेवा. त्या रात्री ते जेवलं नाही तर काळजी करू नका. दुसऱ्या दिवशीही तोंड लावलं नाही, तर मात्र दवाखान्यात घेऊन या.

नमस्कार.